मावशीच्या न्हाणीतली केमिस्ट्री

चवथीच्या साफसफाईत आमच्या मावशीने डिचोलीच्या घरी न्हाणीघर धुवायला बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली आणि वरून टॉयलेटचं ॲसिड ओतलं. का, तर फॅमिली ग्रुपवर "शाळेत न शिकवलेली केमिस्ट्री" नावाचा मेसेज आलेला. तुमच्याकडेही येऊन गेला असेल, सहा मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी टिक, खाली "दहा जणांना पाठवा". त्यातला चौथा मुद्दा असा: "दोन वस्तू मिसळणे हा फक्त भौतिक बदल, त्यातून नवीन काही तयार होत नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करा, दोघांची ताकद एकत्र येते, शेवाळ गायब."

म्हणून चौथाच आधी घेते. बाकीच्यांचं नंतर बघू.

मिसळणं हा भौतिक बदल असतो हे अर्धं खरं आहे, ठीक आहे, मानलं. रव्यात साखर मिसळली तर रवा रवाच राहतो. पण हे सगळ्याच जोड्यांना लागू होतं असं कोणी सांगितलं? घरात दहावीचं पोर असेल तर त्याचं एनसीईआरटीचं सायन्सचं पुस्तक मागून घ्या आणि दुसरा धडा उघडा, ॲसिड, बेस आणि सॉल्टचा. ब्लीचिंग पावडर कशी बनते ते तिथे सरळ दिलंय: कोरड्या विझवलेल्या चुन्यावर क्लोरिन वायू सोडून. म्हणजे त्या पांढऱ्या पावडरीत क्लोरिन बांधून ठेवलेला आहे. टॉयलेटच्या ॲसिडमध्ये असतं हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते वर पडलं की बांधलेला क्लोरिन मोकळा होतो आणि बादलीत मागे राहतं कॅल्शियम क्लोराईड आणि पाणी. ताकद एकत्र येणं सोडाच, पावडरही खर्ची पडली, ॲसिडही खर्ची पडलं, आणि त्या बदल्यात मिळाला विषारी वायू. नवीन काही तयार होत नाही म्हणे!

मावशी उकिडवी बसून ब्रशने घासत होती. पावसाची झड आत येते म्हणून खिडकी बंद. क्लोरिन हवेपेक्षा अडीच पट जड, तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो, म्हणजे बरोब्बर उकिडवं बसलेल्या माणसाच्या नाकाशी. तिला आधी स्विमिंग पूलसारखा वास आला, तिला वाटलं वा, काम होतंय. मग डोळ्यांतून धारा, मग खोकला, तो थांबेचना, छातीत आग. मावसभावाने ओढून बाहेर व्हरांड्यात आणलं आणि तसंच दवाखान्यात नेलं, तिथे दोन तास नेब्युलायझर. हाच वायू जर्मन सैन्याने २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्र इथे सिलिंडर उघडून शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. आणि इथे लोक टिक लावून फॉरवर्ड करतायत. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात दुसऱ्या क्लीनरबरोबर मिसळू नका असं लिहिलेलं असतं, ते वाचायला चष्मा लागतो, फॉरवर्ड मात्र बिनचष्म्याचा वाचला जातो. पातळ ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू घातलं तरी हाच प्रकार, आणि अमोनियावालं काचेचं लिक्विड घातलं तर क्लोरामाईन, तोही फुप्फुसाला तितकाच वाईट.

आता बाकीचे. पहिला, पाणी दोनदा उकळलं की "मृत" होऊन विष बनतं. उकळणं हाच तर खरा भौतिक बदल, वाफ झाली तरी पाणी ते पाणीच. विरघळलेली हवा निघून जाते म्हणून चव सपक लागते आणि पाणी आटलं की आतले क्षार जरा दाट होतात, एवढंच. दुसरा, मिठागरातल्या मिठात केमिकल नाही आणि पाकिटातल्या मिठात आहे. मीठच सोडियम क्लोराईड आहे हो! आगरवाड्याचं मीठ मलाही आवडतं, मासे खारवायला तेच हवं, पण ते पावसाळ्यात पाझरतं ते त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराईडमुळे, म्हणजे केमिकल एक जास्तच. पाकिटात आयोडीन घालतात ते गलगंड होऊ नये म्हणून.

तिसरा वाचून मी हसले आणि मग रागच आला: "साखर पाण्यात विरघळली की तिचे अस्तित्व संपते, म्हणून डायबेटिसवाल्यांना सरबत चालते". आमच्या काकांना शुगर आहे आणि ते कोकम सरबताचे भक्त. त्यांच्यासमोर किचनच्या काट्यावर २०० ग्रॅम पाणी ठेवलं, २० ग्रॅम साखर घालून ढवळली, काटा २२० वर. साखर कुठे गेली काका? दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं.

पाचवा, तांब्याच्या भांड्यात सोलकढी रात्रभर ठेवा. ज्या सोलांनी आपण काळी पडलेली तांब्याची भांडी घासून लख्ख करतो तीच सोलं ती. काळा थर निघतो तो आंबटपणात विरघळून, मग रात्रभर ठेवलं तर तांबं कढीत उतरणारच ना. आजी काय उगीच कल्हई करून घ्यायची? साधं पाणी ठेवत असाल तर ठेवा, त्यावर मी भांडत नाही.

सहावा, भौतिक बदल उलटवता येतो आणि रासायनिक नाही. हे बऱ्यापैकी खरं आहे, आम्हालाही असंच शिकवलं होतं, पण खवलेला नारळ परत करवंटीत बसवून दाखवा, आणि तुमच्या मोबाईलची बॅटरी रोज रात्री चार्ज होते तो रासायनिक बदलच उलटा चालतो.

मावशी आता बरी आहे, आवाज तेवढा बसलेला. शेवाळ होतं तिथेच आहे. रविवारी मी जाऊन नुसत्या ब्लीचिंग पावडरने घासणार, खिडकी उघडी टाकून, पाऊस आत आला तर येऊ दे, आणि येताना ती ॲसिडची बाटली गाडीत घालून घेऊन येणार.