‘युअर्स सिन्सिअरली’ आणि मेणाची थाप

आठवीतल्या माझ्या भाचीनं सोमवारी परिपाठात एक गोष्ट वाचून दाखवली आणि संध्याकाळी तीच आमच्या घरच्या ग्रुपवर आली. रोमन शिल्पकार म्हणे संगमरवराच्या भेगा मेणानं बुजवून गिऱ्हाईक फसवायचे आणि उन्हात मेण वितळलं की बिंग फुटायचं. म्हणून सचोटीचे विक्रेते मूर्तीवर ‘सिने सेरा’, म्हणजे ‘मेणाविना’, असा शिक्का मारायचे. त्यावरून ‘सिन्सिअर’ आला. शेवटी सल्ला: पत्राखाली ‘युअर्स सिन्सिअरली’च लिहा, ‘युअर्स फेथफुली’ ही गुलामी आहे. पोरीचं कौतुक मलाही आहे, पण ही थाप तिच्या वहीत राहू द्यायची माझी तयारी नाही.

लॅटिनमध्ये ‘सिने’ म्हणजे विना आणि ‘सेरा’ म्हणजे मेण, हे खरं. हा तर्क जुना आहे, तो मोबाइलवर जन्मला नाही, हेही मान्य. पण शिल्पकारांवर लबाडीचा आळ कशाच्या जोरावर? इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस भिंतीवरचा हिंगुळी रंग टिकवायची रीत देतो. मेण थोड्या तेलात वितळवून ब्रशनं लावा, निखारे जवळ धरून भिंतीला घाम फुटेपर्यंत तापवा, मग मेणबत्तीनं आणि लिननच्या स्वच्छ फडक्यानं घासा. आणि पुढे म्हणतो, संगमरवरी नग्न मूर्तींना असंच करतात. म्हणजे मेण हा मूर्तीवरचा शेवटचा हात होता, उघड उघड दिलेला. मग ‘मेणाविना’ ही सचोटीची जाहिरात कशी होईल? मेण न लावलेली मूर्ती म्हणजे काम अर्धवट राहिलेली मूर्ती! बरं, असा शिक्का असलेली एक तरी मूर्ती त्या मेसेजमध्ये दाखवायची होती.

‘सिन्सिअर’ आला तो लॅटिन ‘सिन्सेरुस’वरून. त्याचा अर्थ शुद्ध, निर्भेळ. रोमन कवी होरेस म्हणतो, भांडं स्वच्छ नसेल तर ओताल ते आंबतं. तिथे ‘स्वच्छ’साठी हाच शब्द आहे. भाचीला म्हटलं, ताकाचं पातेलं नीट न घासता त्यात दूध तापवलं तर काय होतं, आईला विचार. तिला लगेच कळलं. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोशही मेणाची व्युत्पत्ती साफ नाकारतो. शब्दाचा पहिला तुकडा ‘सिंपल’मधल्या ‘सिम’चा भाऊ असावा, असं तो सुचवतो.

राहिली गुलामी. ब्रिटिश रिवाज एवढाच: पत्र नावानं सुरू केलं तर ‘सिन्सिअरली’, ‘डिअर सर’नं केलं तर ‘फेथफुली’. आपण मराठी अर्जाखाली ‘आपला विश्वासू’ लिहितो, त्यात कोण कुणाचा गुलाम होतो?

भाचीनं सहलीच्या अर्जाखालचं ‘फेथफुली’ खोडलं होतं. वर ‘डिअर सर’ तसंच होतं. अर्ज पुन्हा लिहायला लावला.