आठवीचा फॉर्म आणि चोवीस चौकोन

फेब्रुवारी लागला की बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांना ताप चढतो. आठवीतल्या मुलांच्या हातात हायस्कूलच्या, म्हणजे नववी ते बारावीच्या, विषयांचा फॉर्म पडलेला असतो. "नववीला बायोलॉजी ऑनर्स घ्यायचंच का?" "उन्हाळ्यात जॉमेट्री उरकली नाही तर उशीर होईल का हो?" "स्टॅनफर्डला कुठली भाषा चालते?" ज्याचा फॉर्म आहे ते तेरा वर्षांचं पोर शेजारी चिवडा खात बसलेलं असतं आणि आईबाप एक्सेलमध्ये त्याची चार वर्षं भरत असतात. रंगीबेरंगी.

मी रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. माझी दोन्ही मुलं या सगळ्यातून बाहेर पडली आहेत, त्यामुळे वर्ग सुटला की हे प्रश्न माझ्या वाट्याला येतात. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. हे सगळं कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांपुरतं आहे. न्यू जर्सी आणि टेक्सासवाल्यांनी आपापल्या राज्याचे नियम बघावेत, इथले तिकडे लावू नयेत.

आपली पिढी "साइड" घेऊन वाढली. दहावीचा निकाल लागला, सायन्स की कॉमर्स ते ठरलं, मग पीसीएम की पीसीबी, आणि एकदा ठरलं की माघार नाही. ती भीती आपण सामानात बांधून इथे आणली. इथे मात्र नववीत घेतलेला विषय दहावीत सोडता येतो, अकरावीत नवाच धरता येतो, आणि बारावीतल्या मुलाने आयुष्याचं ठरवलेलं नसलं तरी कोणाला त्याचं काही वाटत नाही. एकामागून एकच घ्यावे लागतात असे विषय मुख्यतः दोन: गणित आणि परकी भाषा. आठवीत आईबापांनी नीट लक्ष घालायचं ते या दोन ठिकाणी. बाकीचा फॉर्म मुलाने भरावा. हे माझं मत आहे आणि त्यावरून माझी बरीच भांडणं झालेली आहेत.

आधी चौकोन मोजू. एक विषय एक वर्ष, तो एक चौकोन. बऱ्याच हायस्कुलांत दिवसाला सहा तासिका असतात. सहा गुणिले चार, म्हणजे चोवीस चौकोन. इंग्रजीचे चार, गणिताचे चार, सायन्सचे तीन, इतिहास-नागरिकशास्त्र-अर्थशास्त्राचे मिळून तीन, भाषेचे तीन, पीईचे (शारीरिक शिक्षणाचे) दोन, कलेचा एक. झाले वीस. तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाची, स्वतःची एखादी अट असेल, हेल्थ किंवा तत्सम, तर तिला अर्धा द्या. चौथं सायन्स घ्यायचं तर आणखी एक गेला. म्हणजे ज्या "स्ट्रॅटेजी"साठी लोक सातवीपासून कन्सल्टंटला पैसे मोजतात, ती दोन-तीन चौकोनांची गोष्ट आहे. कागद घ्या, रेघा मारा, स्वतः मोजून बघा. मी हे वर्गाच्या फळ्यावर काढून दाखवते तेव्हा समोरचे बाबा दोनदा बेरीज करतात.

आता ज्याकडे खरंच लक्ष हवं ते. हायस्कूलचा डिप्लोमा मिळणं आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, म्हणजे यूसीला, अर्ज करायला पात्र होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याच्या किमान नियमानुसार डिप्लोमाला गणिताची दोन वर्षं पुरतात. यूसी आणि कॅल स्टेट (राज्याचीच दुसरी सरकारी विद्यापीठं) तीन मागतात आणि चार घ्या म्हणतात. डिप्लोमाला इंग्रजी तीन वर्षं, यूसीला चार. भाषा डिप्लोमाला सक्तीची नाही, यूसीला दोन वर्षं हवी आणि तीन असली तर बरं. या यादीला ए-जी म्हणतात. एकूण पंधरा वर्षभराचे कोर्स, त्यांतले अकरा बारावी सुरू होण्याआधी संपलेले हवेत, आणि प्रत्येकात किमान सी. डी मिळाला तर शाळा पास करते, यूसी तो कोर्स धरत नाही. बऱ्याच डिस्ट्रिक्टनी आपल्या अटी ए-जीला जुळवून घेतल्या आहेत, सगळ्यांनी नाही. आणि शाळेतला प्रत्येक कोर्स ए-जीत बसतोच असंही नाही. कोणत्या शाळेचे कोणते कोर्स मान्य आहेत त्याची यादी यूसीच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी उघडी आहे. शाळेचं नाव टाका, वाचा. फुकट आहे. कन्सल्टंटही तीच उघडून बसतो.

आपल्या उच्चशिक्षित घरांत ही चूक सहसा होत नाही. होते ती नुकत्याच आलेल्या कुटुंबांत, जिथे मूल नववी-दहावीत मधूनच शाळेत दाखल होतं आणि शाळेचा काऊन्सेलर, म्हणजे विषय निवडताना सल्ला देणारा माणूस, "ऑन ट्रॅक" म्हणतो. कशाच्या ट्रॅकवर, हे विचारायचं असतं. शाळांच्या काऊन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका काऊन्सेलरमागे 250 मुलांची आहे आणि कॅलिफोर्नियात प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त असतात. त्या बिचाऱ्याला तुमचं मूल लक्षात राहील ही अपेक्षाच धरू नका. ईमेल लिहा, नेमका प्रश्न विचारा, उत्तर जपून ठेवा.

गणिताकडे येते. सरळ वाट अशी: आठवीत अल्जिब्रा वन, नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत कॅल्क्युलस. अल्जिब्रा नववीत सुरू झालं तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोचता येतं, आणि यूसीची अट त्यातही पूर्ण होते. इंजिनिअरिंगकडे ओढा असलेल्या मुलाला कॅल्क्युलस झालेलं असलं तर सोपं जातं, त्यामुळे आठवीत अल्जिब्रा मिळतंय का याची काळजी करणं मी समजू शकते. ती काळजी आपल्यापुरतीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोने 2014 मध्ये आठवीतलं अल्जिब्रा काढून टाकलं, पालक दहा वर्षं भांडले, आणि मार्च 2024 मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने "परत आणा" म्हणून सांगितलं.

मुलाला चुकीच्या वर्गात टाकलंय असं वाटत असेल तर ग्रुपवर रडण्यापेक्षा एक करा. 2015 चा कॅलिफोर्निया मॅथेमॅटिक्स प्लेसमेंट ॲक्ट आहे. नववीच्या गणिताचा वर्ग कसा ठरवतो याचं लेखी धोरण डिस्ट्रिक्टकडे असावंच लागतं, शाळा सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात एकदा फेरतपासणी करावी लागते, आणि पालकाला दाद मागायची सोय ठेवावी लागते. ते धोरण मागवा. पहिला महिना महत्त्वाचा, ऑक्टोबरात जाग येऊन उपयोग नाही.

पण आपली मंडळी तिथे थांबत नाहीत. आठवीत अल्जिब्रा मिळालं की लगेच, मग सातवीत का नाही? जॉमेट्री उन्हाळ्यात सहा आठवड्यांत उरकायची, नववीला अल्जिब्रा टू, अकरावीपर्यंत कॅल्क्युलस बीसी, म्हणजे कॅल्क्युलसचा वरच्या पातळीचा कोर्स, संपलंच पाहिजे. कशासाठी, असं विचारलं की उत्तर येतं, "सगळेच करतात ना."

जॉमेट्री उन्हाळ्यात उरकणं हे मला खरोखर खुपतं. आपल्याला आठवतंय का भूमितीचं पुस्तक? पक्ष, साध्य, सिद्धता. एकेका प्रमेयाशी आठवडाभर झटत होतो आपण. "हे दिसतंय की" म्हणून चालत नव्हतं, कारण कंसात लिहावं लागायचं. शाळेच्या सगळ्या गणितात विचार मांडायला शिकवणारा असा विषय हाच, आणि नेमका तोच आपण सकाळी आठ ते दुपारी एक अशा रतिबावर घालतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती, हुशार, उन्हाळ्यात जॉमेट्री करून आलेली. दोन त्रिकोण एकरूप का, विचारलं तर म्हणाली, "कारण उत्तरात तसंच असतं." ए मिळाला होता तिला. आणि हेही सांगून ठेवते, जॉमेट्री गाळून पुढे जाण्याचा विचार करू नका. अल्जिब्रा वनमधली कसर यूसी पुढच्या गणितातल्या चांगल्या ग्रेडवर भरून धरते, जॉमेट्री मुळात घेतलीच नाही तर ती सवलत नाही.

या धावपळीतून जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, काय पडतं? यूसीचा जीपीए दहावी-अकरावीच्या ग्रेडवर निघतो. नववीचे कोर्स अटीत धरतात, ग्रेड दिसते, पण त्या आकड्यात ती नसते. सातवी-आठवीचं तर सोडूनच द्या. ऑनर्स आणि एपी (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) यांचे जादा गुणही आठ सेमिस्टरपुरतेच, त्यांतले दहावीचे जास्तीत जास्त चार. खासगी कॉलेजं आपापल्या पद्धतीने बघतात, ती नववीही बघतात. पण तुमच्या मुलीचा सातवीतला ए-प्लस यूसी बर्कलीत कोणी फ्रेम करून लावणार नाही.

भाषेचं प्रकरण त्या मानाने गोड आहे. इथे वर्षांपेक्षा पातळी बघतात. मिडल स्कूलमध्ये स्पॅनिश वन झालं असेल तर नववीत थेट टू घेता येतं, आणि स्पॅनिश थ्रीमध्ये किमान सी मिळाला की तीन वर्षं भरली. चौकोन वाचला. म्हणून सातवी-आठवीत भाषा मिळत असेल तर जरूर घ्या.

आणि मराठी? हे लोकांना सांगितलं की डोळे मोठे होतात. भाषेची अट यूसी वर्गात न बसता, प्रावीण्य दाखवूनही मान्य करते. शाळेचे मुख्याध्यापक तसं प्रमाणित करू शकतात, आणि त्यासाठी भाषाशिक्षकांचा किंवा सांस्कृतिक संस्थेचा सल्ला घेण्याची मुभा आहे. अव्हान्ट कंपनीची स्टॅम्प नावाची भाषाप्रावीण्याची परीक्षा मराठीतही घेतात. डिप्लोमावर राज्याचा द्विभाषिक प्रावीण्याचा शिक्का मिळतो तोही मराठीसाठी मिळवता येतो, मात्र मुलाला नुसतं बोलता येऊन भागत नाही, वाचता-लिहिता आलं पाहिजे. आजीशी फोनवर "जेवलीस का" एवढ्यावर कोणी सही करणार नाही. तुमचं डिस्ट्रिक्ट काय मान्य करतं ते आठवीतच लेखी विचारून ठेवा, बारावीच्या सप्टेंबरात नव्हे. पाचवीत "आता सॉकर आहे" म्हणून मराठी शाळा सोडणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. (हो, माझा स्वार्थ आहे यात. मला वर्गात मुलं हवीत.)

राहिली कला. आपल्याकडे हा चौकोन सगळ्यांत शेवटी, नाक मुरडून भरला जातो. "आमची मुलगी आठ वर्षं भरतनाट्यम करते, अरंगेत्रम झालं, तिला कशाला आर्ट?" कारण बाहेरच्या क्लासचं भरतनाट्यम या अटीत धरत नाहीत, कितीही उत्तम असलं तरी. कलेचा मान्य कोर्स वर्षभर करावाच लागतो. एका मुलाला सिरॅमिक्स घ्यायचं होतं आणि वडील हटून बसले होते, "मातीकाम करायला आलो का अमेरिकेत?" त्यांना कॉम्प्युटर सायन्स हवं होतं. मी त्यांच्या शाळेची यादी फोनवर उघडून दाखवली. सिरॅमिक्स कलेच्या अटीत बसत होतं. मुलगा माझ्याकडे असा बघत होता की काय सांगू. वडिलांनी चष्मा वर करून तो शब्द दोनदा वाचला, आणि मग विचारलं, "याचं एपी असतं का?"

आणखी एक, कारण हल्ली याचं वेड वाढलंय. हायस्कूलच्या मुलांना कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचे) कोर्स करता येतात, ट्यूशन फी सहसा लागत नाही, आणि तिथला एका सेमिस्टरचा तीन युनिटांचा कोर्स यूसी हायस्कूलच्या वर्षभराइतका धरते. कॅल्क्युलस संपवलेली मुलं पुढच्या गणितासाठी डी अँझा किंवा ओलोनीला जातात. छान सोय आहे. पण ती ग्रेड कॉलेजची असते, कायमची. पुढे डॉक्टर व्हायचं म्हटलं तर मेडिकल स्कूलच्या सामाईक अर्जात हायस्कूलमध्ये असताना केलेले कॉलेजचे कोर्सही ग्रेडसकट द्यावे लागतात. पंधराव्या वर्षी, फुटबॉलच्या सीझनमध्ये, रात्री ऑनलाइन सायकॉलॉजी घेऊन आलेला सी बाविसाव्या वर्षी भेटायला येतो. "फुकट आहे, करून टाक" म्हणण्याआधी एवढं डोक्यात ठेवा. आठवीच्या फॉर्मवर तर याची गरजच नाही.

फॉर्म मुलाने भरावा असं मी म्हणते त्यावर हमखास येणारं उत्तर, "त्याला काय कळतंय?" नसेल कळत. पण दोन-तीन मोकळ्या चौकोनांत काय टाकायचं हे तरी त्याला ठरवू दे. वुडशॉप, म्हणजे सुतारकाम, म्हणाला तर वुडशॉप. नाही आवडलं तर दहावीत बदलेल. जुनं काही न सुटता बदलता येतं, ही इथल्या शाळेची सगळ्यांत मोठी चैन आहे आणि ती आपल्या मुलांना उपभोगू देणं आपल्यालाच जमत नाही.

असो. ज्यांचे फॉर्म अजून गेले नाहीत त्यांच्यासाठी: रविवारी वर्ग सुटल्यावर मी मागच्या खोलीत अर्धा तास असते. फॉर्म कोरा आणा, डिस्ट्रिक्टचं कोर्स कॅटलॉग फोनवर ठेवा, गणित आणि भाषेचा यंदाचा रिपोर्ट सोबत असू द्या. आणि मुलाला घेऊन या. आईबाबा एकटेच आले तर चहा पाजेन आणि परत पाठवेन.