‘डेटा निनावीच असतो, मग काळजी कशाला?’

एखाद्या ॲपला लोकेशन द्यावं की नाही, तब्येतीची माहिती फोनमध्ये भरावी की नाही, असा विषय निघाला की एक उत्तर हमखास येतं. ते फॉरवर्डमधून फिरतं, व्हिडिओंमधून ऐकू येतं आणि जरा सफाईदार भाषेत कंपन्यांच्या गोपनीयता धोरणातही सापडतं. ते साधारण असं असतं: कंपन्या माहिती गोळा करतात हे खरं, पण त्यातलं नाव आणि फोन नंबर काढून टाकतात. उरतात नुसत्या नोंदी. कोट्यवधींच्या गर्दीत तुम्हाला कोण ओळखणार? शिवाय प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. तरीही कोणाला शोधायचंच असेल तर मोठी यंत्रणा लागेल, आणि एवढे कष्ट तुमच्यासाठी कोण घेणार? शेवटी, हा डेटा मिळाला नाही तर संशोधन अडेल.

असं सांगणारे बहुतेक जण मनापासून सांगत असतात. युक्तिवाद सरळ वाटतो, म्हणून पटतो. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा गेल्या तीस वर्षांत कोणी ना कोणी प्रत्यक्ष तपासून पाहिला आहे. शेवटचा मुद्दा सोडला तर त्यातला एकही टिकलेला नाही.

‘नाव काढलं की ओळख गेली’

1990 च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचं काम पाहणाऱ्या आयोगानं त्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी संशोधकांना दिल्या. नावं, पत्ते, ओळख क्रमांक काढलेले होते. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना ग्वाही दिली होती की कोणाचीही ओळख उघड होणार नाही. तेव्हा एमआयटीत शिकत असलेल्या लटान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी 20 डॉलरला विकत घेतली. दोन्हीकडे तीन रकाने सारखे होते: जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा झिप कोड. वेल्ड केंब्रिजमध्येच राहत. त्यांच्या जन्मतारखेचे मतदार सहा निघाले. त्यात पुरुष तीन आणि त्यांच्या झिप कोडमधला एकच. ग्वाही देणाऱ्या गव्हर्नरांचीच वैद्यकीय नोंद अशी हाती लागली.

एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे 87 टक्के लोक इतर सर्वांपासून वेगळे ओळखता येतात, असा स्वीनी यांचा अंदाज होता. पुढे 2006 मध्ये दुसऱ्या संशोधकानं हिशोब पुन्हा मांडला, तेव्हा आकडा 63 टक्क्यांवर आला. हा फरक लहान नाही आणि तो लपवण्याचं कारणही नाही. पण 63 टक्के धरले तरी निम्म्याहून अधिक लोक केवळ तीन रकान्यांत सापडतात. आपल्या फोनमधून जाणारे रकाने तीन नसतात.

जन्मतारीख, झिप कोड वगैरेही काढून टाकलं तर? 2006 च्या ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीनं संशोधनासाठी सुमारे 6.5 लाख लोकांचे तीन महिन्यांतले 2 कोटी सर्च खुले केले. नावाच्या जागी क्रमांक होता, बाकी काहीच नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या दोन वार्ताहरांनी 4417749 हा क्रमांक घेतला आणि त्याखालचे सर्च वाचत गेले. बोटं बधिर होण्याविषयीचे प्रश्न, कुत्र्याच्या खोडी, एका छोट्या गावातले बाग लावून देणारे कारागीर, आणि एका विशिष्ट आडनावाची माणसं. काही दिवसांत ते एका 62 वर्षांच्या बाईंच्या दारात उभे होते. सर्च आपलेच असल्याचं त्यांनी मान्य केलं. एओएलनं फाइल मागे घेतली, पण तोवर तिच्या प्रती जगभर पसरल्या होत्या.

या बाईंचं नाव कोणीही ‘विसरून’ फाइलमध्ये ठेवलं नव्हतं. माणूस काय शोधतो, कुठे जातो, काय पाहतो हेच त्याला इतरांपासून वेगळं करतं. आणि कंपन्यांना विकायचं असतं तेही नेमकं हेच. ते काढून टाकलं तर डेटाला किंमत उरत नाही. ते ठेवलं तर ओळखही आत राहते. मला या सगळ्या वादाची गाठ इथे दिसते.

‘कोट्यवधींच्या गर्दीत कोण ओळखणार?’

हा मुद्दा मला सगळ्यात फसवा वाटतो, कारण गर्दीत माणूस हरवतो हा आपल्या डोळ्यांचा अनुभव आहे. डेटाची गर्दी तशी वागत नाही.

2013 मध्ये इव-अलेक्झांद्र द मॉन्ज्वा हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 15 लाख लोकांच्या मोबाइलच्या 15 महिन्यांच्या नोंदी तपासल्या. अचूक जीपीएस नव्हे, फोन कोणत्या तासाला कोणत्या टॉवरजवळ होता एवढंच. तरीही वेळ आणि ठिकाण यांचे फक्त चार बिंदू ठाऊक असले की 95 टक्के लोक इतर सर्वांपासून वेगळे काढता येत होते. 2015 मध्ये त्यांनी 11 लाख लोकांच्या तीन महिन्यांच्या क्रेडिट कार्ड व्यवहारांवर हाच प्रयोग केला. तिथेही चार व्यवहार पुरले, 90 टक्के लोकांसाठी.

यात गूढ असं काही नाही. रात्रभर फोन जिथे असतो ते घर, दिवसा जिथे असतो ते कामाचं ठिकाण. ही दोन ठिकाणं जोडीनं सारखी असणारी माणसं फार थोडी. त्यात एखाद्या संध्याकाळची दवाखान्याची फेरी मिळवली की बहुधा एकच नाव उरतं. आणि असे चार बिंदू मिळवायला गुप्तहेर लागत नाही. शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, आपल्या पोस्ट पाहणाऱ्या कोणालाही ते आधीच ठाऊक असतात.

सिनेमांच्या आवडीचंही तेच. नेटफ्लिक्सनं 2006 मध्ये 10 लाख डॉलरच्या स्पर्धेसाठी सुमारे 4.8 लाख ग्राहकांनी दिलेली 10 कोटी रेटिंग खुली केली, अर्थातच नावाविना. टेक्सास विद्यापीठातले अरविंद नारायणन आणि व्हिताली श्मातिकोव्ह यांनी दाखवून दिलं की कोणी पाहिलेले आठ सिनेमे आणि त्यांच्या अंदाजे तारखा कळल्या, त्यातले दोन सिनेमे चुकले, तारखा दोन आठवड्यांनी इकडेतिकडे झाल्या, तरी 99 टक्के नोंदी एकाच ग्राहकापाशी जाऊन थांबतात. आयएमडीबी या सिनेमांविषयीच्या संकेतस्थळावर लोकांनी उघडपणे दिलेल्या रेटिंगशी ताडून त्यांनी काही ग्राहक शोधूनही दाखवले. पुढे खटला झाला, सरकारी चौकशी झाली आणि 2010 मध्ये नेटफ्लिक्सनं दुसरी स्पर्धा रद्द केली. कोणी कोणते सिनेमे पाहिले यात काय एवढं, असं वाटू शकतं. पण त्यातून एखाद्याचा लैंगिक कल, धर्म, राजकीय मत कळू शकतं, आणि ते कधी, कोणाला सांगायचं हे त्या माणसानं ठरवायचं असतं.

‘सांकेतिक क्रमांक असतो, तो उलगडत नाही’

2014 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या टॅक्सींच्या 17 कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती अशीच बाहेर आली. टॅक्सी आणि चालक यांच्या क्रमांकांचं हॅशिंग केलेलं होतं, म्हणजे गणिती प्रक्रियेनं त्यांचं अक्षर-आकड्यांच्या लांबलचक माळेत रूपांतर केलेलं होतं. माळेवरून मूळ क्रमांक उलटा काढता येत नाही हे खरंच आहे. पण उलटं जायची गरजच नसते. त्या शहरात टॅक्सीचा क्रमांक ठरावीक साच्यातला असतो. त्या साच्यात बसणारे सगळे क्रमांक घ्यायचे, प्रत्येकाची माळ बनवायची आणि जुळवून पाहायची. एका सॉफ्टवेअर इंजिनिअरनं हे काही तासांत करून दाखवलं. मग टॅक्सीत चढणाऱ्या प्रसिद्ध लोकांच्या छायाचित्रांत दिसणारे क्रमांक घेऊन ते कुठून कुठे गेले, किती पैसे दिले, हेही काढलं गेलं.

मोबाइल नंबरचंही हेच होतं. दहा आकड्यांचे सगळे मिळून नंबर 1,000 कोटी. एमडी5 सारख्या साध्या हॅशसाठी आजच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डला तेवढ्याला काही मिनिटंही पुष्कळ झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2024 मध्ये कंपन्यांना स्पष्ट बजावलं की हॅशिंग केल्यानं डेटा निनावी होत नाही. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यातही, जास्तीची माहिती जोडून ज्यातून माणूस ओळखता येतो असा सांकेतिक डेटा वैयक्तिकच मानला जातो.

फोनमधला जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला सांकेतिक क्रमांक, याच जातीचा. त्यात तुमचं नाव नसतं, पण वेगवेगळ्या ॲपमधून गेलेली माहिती एकाच माणसाच्या खात्यावर जमवण्याचं काम तो चोख करतो.

‘एवढे कष्ट तुमच्यासाठी कोण घेणार?’

वरची उदाहरणं पुन्हा पाहा. एक विद्यार्थिनी, दोन वार्ताहर, दोन संशोधक, एक इंजिनिअर. यंत्रणा कोणाकडेच नव्हती. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपनं 2017 मध्ये जगभरच्या धावपटूंच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. वाळवंटात उजळलेल्या त्या वाटा म्हणजे लष्करी तळ आहेत, हे 2018 च्या जानेवारीत एका 20 वर्षांच्या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्यानं ओळखलं. 2019 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या हाती 1.2 कोटी फोनच्या 5,000 कोटी लोकेशन नोंदी आल्या. त्यातून पत्रकारांनी अमेरिकी अध्यक्षांच्या ताफ्यातल्या एका अधिकाऱ्याचा फोन हुडकला आणि त्याच्यामागून खुद्द अध्यक्षांचा दिवसभराचा प्रवास मांडला. 2021 मध्ये बाजारात मिळणाऱ्या लोकेशन डेटावरून अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याचा डेटिंग ॲपचा वापर उघड करण्यात आला आणि त्याला राजीनामा द्यावा लागला.

‘तुमच्यात कोणाला रस आहे?’ असं विचारणारे बहुधा कंपनीचा विचार करत असतात. जाहिरात कंपनीला माझ्यात विशेष रस नसेल, मान्य. पण डेटा विकला जातो तेव्हा तो कोणापर्यंत पोहोचेल हे तिच्या हातात राहत नाही. घर सोडून गेलेल्या बायकोला शोधणारा नवरा, कर्मचारी कोणत्या डॉक्टरकडे जातो हे पाहणारा मालक, पाळत ठेवणारा माथेफिरू. यांना कोटी माणसं नको असतात, एकच हवं असतं. आणि त्या एकाविषयी चार बिंदू त्यांना आधीच ठाऊक असतात.

अजून एक गोष्ट या फॉरवर्डांत कधीच नसते: काळ. आज निनावी असलेला डेटा उद्या निनावी राहील की नाही, हे त्या डेटावर अवलंबून नसतं. त्याच्याशी जोडता येईल असं जगात आणखी काय उपलब्ध होतं, यावर ते ठरतं. जगातली माहिती तर रोज वाढते आहे. त्यामुळे हे आश्वासन आज कोणी कितीही प्रामाणिकपणे दिलं तरी पुढच्या दहा वर्षांची हमी त्याला देताच येत नाही. डीएनएच्या बाबतीत हे फार उघड दिसतं. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी पकडला गेला, तो वंशावळीच्या एका संकेतस्थळावर त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी दिलेल्या डीएनएवरून. त्यानं स्वतः तिथे काहीच दिलेलं नव्हतं. गुन्हेगार सापडला हे चांगलंच झालं, पण हीच वाट निरपराध माणसापर्यंतही जाते. आणि माहिती सांभाळणारी कंपनी तरी कायम कुठे असते? लोकांचा डीएनए तपासून देणारी 23अँडमी ही कंपनी 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा लाखो लोकांची जनुकीय माहिती तिच्या विक्रीयोग्य मालमत्तेत होती.

‘मग संशोधन थांबवायचं का?’

नाही. हा प्रश्न खरा आहे. साथी कशा पसरतात, कोणतं औषध कोणाला लागू पडत नाही, हे समजायला खऱ्या लोकांचा डेटा लागतो. मात्र त्यासाठी ‘नाव काढा आणि फाइल देऊन टाका’ हाच एक मार्ग उरलेला नाही. फाइल बाहेर जाऊ न देता संशोधकांना सुरक्षित यंत्रणेत येऊन काम करू देणं हा एक मार्ग. दुसरा डिफरन्शियल प्रायव्हसीचा, संगणकशास्त्रज्ञ सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मांडलेला. त्यात उत्तरात मोजूनमापून थोडी गफलत मिसळली जाते, इतकी की एखादा माणूस त्या डेटात आहे की नाही हे उत्तरावरून ठरवता येऊ नये, आणि समूहाचं चित्र मात्र शाबूत राहावं. अमेरिकेनं 2020 च्या जनगणनेत ही पद्धत वापरली. तिची किंमत मोजावी लागते: लहान वस्त्यांचे आकडे कमी अचूक होतात, आणि त्यावरून तिथे बराच वाद झाला. मला तो वाद योग्य वाटतो. गोपनीयतेची किंमत किती आणि ती कोणी मोजायची, हे निदान उघडपणे बोललं गेलं.

आपल्या हातात असलेलं थोडं आहे, पण आहे. अँड्रॉइडमध्ये जाहिरात आयडी काढून टाकता येतो. आयफोनवर एप्रिल 2021 पासून ॲपला माग काढण्याआधी परवानगी मागावी लागते, ती नाकारता येते. हवामान सांगणाऱ्या ॲपला नेमकं लोकेशन लागत नाही, अंदाजे पुरतं. दोन्हीकडे तशी सोय आहे. पण दवाखाना, विमा कंपनी, बँक यांच्याकडे जाणारी माहिती या सेटिंग्जनी अडत नाही. तिथे ‘डेटा निनावी आहे’ असं उत्तर मिळालं तर पुढचे प्रश्न विचारा: नेमके कोणते रकाने बाहेर जातात, कोणाकडे जातात, ते पुन्हा जोडून पाहायला करारानं बंदी आहे का, आणि मी सांगितलं तर माझी नोंद खोडली जाईल का.