ट्रक, दारू आणि माझी आई

काल एका पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) मी लोरेटा लिन लावली, अमेरिकन खेड्यांतल्या कंट्री संगीताची गायिका. दोन ओळीही झाल्या नसतील, एक गृहस्थ म्हणाले, "बंद करा हो ते ट्रक-दारूचं रडगाणं." वीस वर्षं टेनेसीत राहिलेला माणूस! सगळे हसले. मीही हसले, तेच जास्त झोंबतंय. म्हणून रात्री साडेअकराला टाइप करत बसलेय.

आई आली होती तेव्हा तिला टेनेसीतल्याच हरिकेन मिल्सला नेलं होतं. तिथे लोरेटाचं संग्रहालय आहे, आणि केंटकीतल्या बुचर हॉलोमधल्या तिच्या माहेरच्या खोपटाची हुबेहूब प्रतिकृती. आई गुडघे धरत पायरीवर टेकली आणि पहिला प्रश्न, "हिचं लग्न कितव्या वर्षी झालं?" म्हटलं, पंधराव्या. "आमच्या आईचंही."

लोरेटा म्हणजे खाणकामगाराची पोर, आठ भावंडांत दुसरी. विशीपर्यंत पदरात चार मुलं. नवऱ्याने 17 डॉलरची गिटार आणून दिली, ती हिची हीच शिकली. 1960 साली पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा दोघं गाडीत झोपून रेडिओ स्टेशनांची दारं ठोठावत फिरले. हाच नवरा पिऊन घरी यायचा. तिने त्यावरच गाणं रचलं आणि 1967 मध्ये ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. हे रडगाणं? अहो, हे चारचौघांत नवऱ्याला झापणं आहे! आपल्या ओवीला कुणी रडगाणं म्हणून बघू दे, अंगावर धावून जाल. दुसऱ्याच्या खेड्यातलं दुःख मात्र विनोदी.

हल्लीच्या कंट्री रेडिओवर ट्रक आणि बिअर असते, मान्य. बरीच असते. आणि हो, चार्ली प्राइड हा कंट्री गायक काळा आहे हे कळू नये म्हणून त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी फोटोशिवाय पाठवल्या, हेही खरं. पण 1971 साली कंट्री संगीतातला 'एंटरटेनर ऑफ द इयर' पुरस्कार त्यालाच मिळाला. पुढच्या वर्षी लोरेटा, तो मान मिळवणारी पहिली बाई.

त्या पायरीवरच आईला लोरेटाच्या 1975 च्या 'द पिल' या गाण्याबद्दल सांगितलं. बाळंतपणांना कंटाळलेली बाई नवऱ्याला ऐकवते, आता माझ्याकडे गर्भनिरोधक गोळी आहे. कित्येक स्टेशनांनी ते वाजवलंच नाही. आई डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसली. म्हणाली, "जात्यावर बसलं की सुचतंच गं. आमची आजी सासऱ्यालाही सोडायची नाही."

जाऊ दे. त्या गृहस्थांना कुणी पायरीवर बसवून ऐकवलं नसेल. मलाही आधी कुठे कळत होतं?

2022 च्या ऑक्टोबरात लोरेटा गेली, नव्वदाव्या वर्षी. मी आईला सांगलीला फोन केला.

"जिच्या पायरीवर मी बसले होते, ती?"

"तीच. घरीच गेली, झोपेत."

"सुटली." मग जरा थांबून, "ते गोळीचं लाव बरं. फोन स्पीकरपाशी धर."