पंगस माशावर घातलेला खोटा आळ

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. बासा, पंगस आणि मांगूर हे एकच विषारी मासे असून सरकारने त्यांच्यावर बंदी घातली आहे. व्हिएतनाममधील मेकाँग नदीच्या घाणीत पिंजऱ्यांमध्ये कोंबून ते वाढवले जातात. गरोदर स्त्रियांच्या लघवीतील हार्मोनची इंजेक्शने देऊन त्यांना फुगवतात. त्यांच्यात पारा असतो आणि ते खाल्ल्याने कर्करोग होतो, असा त्याचा मथितार्थ आहे. ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या आत्याने तो वाचला आणि मुरबाडला शेततळ्यात पंगस पाळणाऱ्या स्वतःच्या मुलाला ‘तूही हेच करतोस का?’ असे विचारले. त्याच सुमारास कल्याणच्या एका व्यापाऱ्याने याच संदेशाचा हवाला देऊन माझ्या या आतेभावाच्या मालाचा भाव पाडून मागितला. न वाचता पुढे ढकललेल्या मजकुराने एखाद्याच्या वर्षाच्या कमाईवर घाला येत असेल, तर त्याला उत्तर द्यायलाच हवे.

आधी इंजेक्शनचा मुद्दा घेतो, कारण वाचणाऱ्याला किळस यावी एवढ्याचसाठी तो संदेशात घातलेला आहे. पंगस, ज्याचे गोठवलेले तुकडे बाजारात बहुधा बासा या नावाने मिळतात, हा मुळात मोठ्या नद्यांमधून स्थलांतर करणारा मासा आहे. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात मादीच्या पोटात गाभोळी तयार होते, पण ती आपणहून अंडी सोडत नाही. म्हणून मत्स्यबीज केंद्रात निवडक प्रजनक नर-माद्यांना संप्रेरकाचे, म्हणजेच हार्मोनचे, इंजेक्शन देतात. काही तासांनी मादीचे पोट हलक्या हाताने दाबून गाभोळी कोरड्या भांड्यात घेतात, तिच्यावर नराचे वीर्य सोडतात, पक्ष्याच्या पिसाने दोन्ही नीट कालवतात आणि मगच पाणी घालतात. साधारण एका दिवसात पिल्ले बाहेर पडतात. म्हणजे सुई टोचली जाते ती प्रजनक माशांना, आणि तीही अंडी मिळवण्यासाठी, वजन वाढवण्यासाठी नव्हे. बोटुकली, म्हणजे बोटाएवढे पिल्लू, होऊन शेततळ्यात सोडलेला आणि पुढे आपल्या ताटात येणारा मासा त्या इंजेक्शनपासून पूर्ण एक पिढी दूर असतो. तळ्यातल्या हजारो माशांना एकेक करून धरून सुई टोचणे कोणत्याही शेतकऱ्याला परवडणारे नाही आणि शक्यही नाही, एवढा साधा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला नाही.

या आरोपात सत्याचा एक कण आहे, तो मान्य करतो. व्हिएतनाममधील केंद्रांत प्रजननासाठी एचसीजी नावाचे संप्रेरक वापरले जाते आणि ते गरोदर स्त्रियांच्या मूत्रातून शुद्ध करून मिळवलेले असते. हेच औषध वंध्यत्वावरच्या उपचारांत माणसांनाही देतात, त्यात किळस वाटण्यासारखे काही नाही. भारतात बहुतेक ठिकाणी ओव्हाप्रिमसारखे कृत्रिम संप्रेरक वापरतात. शिवाय ही पद्धत पंगसपुरती मुळीच नाही. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी रोहू-कटलासारख्या भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन, म्हणजे इंजेक्शन देऊन घडवलेले प्रजनन, यशस्वी केले आणि त्याच दिवसाची आठवण म्हणून राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. आज तळ्यांतून बाजारात येणारे रोहू, कटला आणि मृगळ बहुतांशी याच मार्गाने जन्मलेल्या बीजापासून वाढलेले असतात.

बंदीचा मुद्दा मला त्याहून घातक वाटतो. बंदी आहे ती थाई मांगूर या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी मांगुरावर. त्याच्या संवर्धनाला भारत सरकारने 2000 सालीच मनाई केली आणि पुढे राष्ट्रीय हरित लवादानेही ती उचलून धरली. कारण उघड आहे: हा मासा मांसाहारी आणि अत्यंत खादाड आहे, पुराच्या पाण्याबरोबर नदीनाल्यांत शिरला की स्थानिक मासे फस्त करतो, आणि त्याला खाटीकखान्यातला व कोंबड्यांचा कुजका टाकाऊ माल घालून घाणेरड्या खड्ड्यांत वाढवले जाते. आपल्या भिवंडी परिसरात त्याची चोरटी शेती चालत आली आहे आणि 2020 च्या सुरुवातीला मत्स्यव्यवसाय विभागाने राज्यात 32 टन मांगूर नष्ट केला होता. पंगस ही वेगळ्या कुळातली जात आहे आणि तिच्या संवर्धनाला केंद्र सरकारने मार्गदर्शक तत्त्वे घालून परवानगी दिलेली आहे. दोघांना एका माळेत ओवल्यामुळे परवानगीने धंदा करणारा शेतकरी बदनाम होतो आणि खरा गुन्हेगार त्या गर्दीत सुटून जातो.

विषारीपणाबद्दल नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी सविस्तर आढावा घेतलेला आहे. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा इशारा यंत्रणेत पंगसविषयी झालेल्या नोंदी त्यांनी तपासल्या. कीटकनाशके, प्रतिजैविके आणि टिकवण्याची रसायने यांचे आढळलेले प्रमाण पाहता युरोपच्या बाजारातला पंगस खाण्यापासून आरोग्याला धोका नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. काही खेपांत बंदी असलेली औषधे सापडली होती हे खरे, पण त्या तपासणीतच पकडल्या गेल्या. अमेरिकेत 2002 च्या कायद्याने व्हिएतनामहून येणाऱ्या पंगसला ‘कॅटफिश’ म्हणून विकायला मनाई झाली आणि पुढच्याच वर्षी त्यावर जादा शुल्क बसले. ते भांडण तिथल्या मत्स्यउत्पादकांच्या बाजारपेठेचे होते, आणि या माशाविरुद्धच्या प्रचाराला त्या काळात चांगलेच खतपाणी मिळाले.

पाऱ्याचे म्हणाल तर तो वर्षानुवर्षे जगणाऱ्या, दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत साठतो. सहा-आठ महिन्यांत किलोभर होऊन निघणाऱ्या आणि मुख्यतः सोया, भाताचा कोंडा अशा वनस्पतिजन्य खाद्यावर वाढणाऱ्या पंगसमध्ये तो साठायला अवधीच मिळत नाही.

पिंजऱ्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. धरणात तरंगणारा साधारण 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 4 मीटर खोल जाळीचा पिंजरा म्हणजे गटार नव्हे. उरलेले खाद्य आणि विष्ठा तळाशी साचते ही तक्रार मात्र रास्त आहे, म्हणून पिंजरे खोल पाण्यात आणि मर्यादित संख्येत ठेवावे लागतात. माझा आतेभाऊ तळ्यात तरंगते दाणे वापरतो. मासे वर येऊन खातात तेव्हा किती खाल्ले हे डोळ्यांना दिसते, आणि दाणे पाण्यावर राहू लागले की तो हात आखडता घेतो. महागडे खाद्य तळाशी कुजू देणे त्यालाच नको असते.

ग्राहकाने तक्रार करायचीच असेल तर ती करण्यासारख्या गोष्टी आहेत. बासामध्ये बांगड्याच्या मानाने ओमेगा-3 फारच कमी असते. गोठवलेल्या तुकड्यांवर बर्फाचा थर चढवून आणि फॉस्फेट वापरून पाणी धरून ठेवून वजन वाढवतात, आणि काही हॉटेलांत हाच मासा रावस म्हणून वाढला जातो. पाकिटावर बर्फाशिवायचे निव्वळ वजन वाचावे, हॉटेलात माशाचे नाव ठामपणे विचारावे, आणि टबात जिवंत थाई मांगूर विकताना कोणी दिसला तर जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे.