गॅरेजमध्ये कोळी नको असतील तर आधी बल्ब बदला

परवा एका मित्राचा फोन आला, गॅरेजमध्ये कोळी फार झालेत, कुठला स्प्रे आणू सांग. त्याच्याशी अर्धा तास बोललो आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे एकदा नीट लिहूनच काढावं, कारण वर्षभरापूर्वी मीसुद्धा हाच प्रश्न भेटेल त्याला विचारत होतो आणि प्रत्येकाने मला फवारणीच सांगितली होती. (गॅरेज म्हणजे मेकॅनिकचं नाही बरं का, घराला लागून असतं ते. गाडी लावायची आणि घरात न मावणारं सगळं नेऊन ठेवायचं, ते.)

माझं मत आधीच सांगतो. कोळ्यांसाठी औषध फवारणं म्हणजे पैसाही वाया आणि घरात विषही. कोळी गॅरेजमध्ये येतो तो खाण्यासाठी, आणि त्याचं खाणं तिथे गोळा करतो आपलाच दिवा. दिवा, दाराखालची फट आणि वर्षानुवर्षं न हललेली खोकी, या तीन गोष्टी सोडून बाकी काहीही केलंत तरी महिन्याभरात जाळी परत येतात. मी दोनदा अनुभव घेतलाय.

झालं असं की माझी लेक आठ वर्षांची, तिची सायकल गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवलेली असते. एक दिवस तिने हँडल धरलं आणि ग्रिपखालून एक मोठा चपटा कोळी निघून तिच्या मनगटावरून सर्रकन गेला. चावला नाही, काही नाही, पण त्या दिवसापासून ती गॅरेजच्या दारातच थांबायला लागली. "बाबा, तू काढून दे ना सायकल." मग हळूहळू सायकलचं नावच घेईना. भीतीला हसणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत, मुलांच्या भीतीला तर नाहीच नाही. कोळ्याला घाबरणं ही खरी भीती आहे, मोठमोठ्या माणसांना असते, आणि "एवढासा तर किडा आहे" म्हणून ती जात नाही. (किडाही नाहीये तो खरं तर, किड्याला सहा पाय, कोळ्याला आठ.)

म्हणून मी घाईने फवारणीवाल्याला बोलावलं. त्याने भिंतींच्या कडेने, कोपऱ्यांत, छताच्या कडेला भरपूर मारलं, तीन दिवस वास गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर चार-पाच कोळी पडलेले होते, पाय पोटाशी आवळून. मेलेल्या कोळ्याचे पाय असे आवळतात कारण पाय सरळ करायला त्याच्याकडे वेगळे स्नायूच नसतात, आतल्या द्रवाच्या दाबाने तो पाय लांब करतो, दाब गेला की पाय मिटतात. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, तेव्हा मी फक्त सुटलो एकदाचा असं म्हटलं. पंधरा दिवसांत जाळी परत. परत बोलावलं, परत तेच.

नंतर शोधून शोधून वाचलं तेव्हा कारण कळलं. झुरळ फरशीवरून पोट घासत चालतं, मिशा आणि पाय तोंडात घेऊन साफ करतं, त्यामुळे फरशीवर वाळलेलं औषध त्याच्या पोटात जातं. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, अंग फरशीला फारसं लागत नाही, आणि तसा साफसफाई करत बसत नाही. थेट अंगावर फवारा पडला तर मरतो, वाळलेल्या थरावरून बहुतेक वेळा तसाच निघून जातो. झुरळांचं जेल त्याच्या काही कामाचं नाही, तो जिवंत भक्ष्य पकडून खाणारा. आणि अंडी असतात रेशमाच्या घट्ट पिशवीत, तिथपर्यंत औषध नीट पोचतच नाही, आई मेली तरी पिल्लं वेळेवर बाहेर. वर आणखी एक गोष्ट जी फवारणीवाल्याने मला सांगितली नाही आणि सांगायला हवी होती. यातल्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिनच्या जातीची रसायनं असतात, ती मांजरांना आणि माशांना फार विषारी. आमच्या गाडीखाली एक मांजर रोज झोपायला येते. मला कळल्यावर फार वाईट वाटलं होतं, नशीब की तिला काही झालं नाही.

दुसऱ्या फवारणीनंतर जाळी परत आली तेव्हा मी एक साधी गोष्ट केली जी खरं तर पहिल्या दिवशी करायला हवी होती. रात्री टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये गेलो आणि कुठे किती जाळी आहेत ते नुसतं बघितलं. शटरच्या वर बाहेरून एक पांढरी ट्यूब होती, रात्रभर चालू. तिच्या दोन्ही बाजूंना जाळ्यांचे नुसते पडदे. शटरच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात तसंच. आणि मागच्या अंधाऱ्या भिंतीला, जिथे मला वाटत होतं की सगळ्यात जास्त असतील, तिथे मोजून दोन जाळी. कोपऱ्यातल्या जाळ्याखाली फरशीवर हाताच्या पंजाएवढा एक कचऱ्याचा ठिपका होता, वाकून बघितलं तर पंख, चिलटांचे, पतंगांचे, डासांचे सुकलेले सांगाडे, मुंग्यांची डोकी, झुरळाचा एक पाय. सगळं जेवण त्या ट्यूबने बोलावलेलं. टॉर्च कपाळाजवळ धरून फिरवला की चपट्या कोळ्यांचे डोळे लांबूनच चमकतात, बारीक हिरवट ठिणगीसारखे, तेव्हा ते कुठून आत येतात तेही दिसलं, दाराखालून.

दुसऱ्या दिवशी ट्यूब काढली. किड्यांना अल्ट्राव्हायोलेट आणि निळा उजेड फार ओढतो, पांढऱ्या ट्यूबमध्ये तो भरपूर असतो. पिवळसर एलईडीमध्ये निळा भाग कमी आणि अल्ट्राव्हायोलेट जवळजवळ नसतोच. पाकिटावर २७०० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा) किंवा त्याहून कमी लिहिलेलं बघून घ्या, अंबर रंगाचा मिळाला तर आणखी चांगला. सोबत मोशन सेन्सर लावला, म्हणजे कुणी आलं तरच दिवा लागतो, रात्रभर नाही. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडला तो दोन फवारण्यांनी पडला नव्हता, दिव्याभोवतीचा घोंघावणारा ढग आठवड्याभरात विरळ झाला.

मग दार. हे दिवसा करायचं. शटर पूर्ण खाली ओढा, आतला दिवा बंद करा, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा आणि उजेड कुठून येतोय ते बघा. आमच्याकडे उजवीकडे एक रेघ आणि डावीकडे अख्खं बोट जाईल एवढी फट, कारण फरशीला तिथे उतार आहे आणि शटर सरळ. अशा ठिकाणी साधी पट्टी पुरत नाही, जाड मऊ रबराची लागते जी दबून उताराप्रमाणे बसेल. शटर ज्या पट्ट्यांतून वर-खाली होतं तिथे दोन्ही बाजूंना ब्रशची पट्टी बसते, ती लोक विसरतात आणि कोळी नेमका तिथूनच आत येतो, चपटा कोळी तर अगदी अरुंद फटीतूनही जातो. वायरी आणि पाइप जिथून भिंतीत शिरतात ती भोकं सिलिकॉनने भरली. एक मात्र हात जोडून सांगतो, हवा जायचा झरोका बुजवू नका. गाडीचा धूर आणि पेट्रोलची वाफ बाहेर जायला तो हवाच. त्याला बारीक जाळी ठोका.

खोकी काढायला मला दोन रविवार लागले. अकरा पुठ्ठ्याची खोकी, त्यातली सहा मी घर घेतल्यापासून उघडलीच नव्हती. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्यांत झुरळांना आयती जागा मिळते, पुठ्ठा ओल धरतो, ओलीला कसर येते, आणि या सगळ्यांच्या मागे कोळी. आता घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे आहेत, रॅकवर, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे मागून झाडू फिरतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेली सरपणाची चळत आणि वेल दोन्ही लांब नेलं. सायकलही आता टेकवत नाही, हुकला टांगतो.

जाळी काढायला झाडूपेक्षा व्हॅक्युम क्लीनर चांगला, अरुंद तोंडाचा पाइप लावून. झाडूने जाळं तुटतं पण अंड्यांची पिशवी बहुतेक वेळा छताला चिकटून राहते, आणि काही जातींच्या एकेका पिशवीत शेकड्यांनी अंडी असतात. ती पिशवी ओढून घेतली की पुढचं अर्धं काम वाचलं. नंतर कचरा बंद पिशवीत बांधून लगेच बाहेर. पहिला महिना दर आठवड्याला न चुकता करा, कारण जाळं म्हणजे कोळ्याच्या अंगातलं प्रोटीन आहे, ते सारखं मोडलं आणि वर खायलाही मिळेना झालं की तो जागा सोडतो. धुळीने काळी पडलेली जळमटं असतात ती बहुतेक सोडून दिलेली जुनी जाळी, ती बघून घाबरू नका, पण काढा.

आता लोक जे सांगतात त्याबद्दल. लिंबाचं तेल शिंपडा म्हणतात, २०१८ साली शास्त्रज्ञांनी तीन जातींच्या कोळ्यांवर हे खरंच तपासलं आणि लिंबाच्या तेलाचा काहीही परिणाम दिसला नाही. पेपरमिंटच्या तेलाने काही जाती लांब राहिल्या. पण वास उडून जातो, सारखं लावावं लागतं, आणि घरात मांजर असेल तर ते तेलही नको, तिच्यासाठी तेही विष. आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाने किडे पळवतो म्हणणारी, प्लगमध्ये लावायची अल्ट्रासाउंडची यंत्रं घेऊच नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. चिकट ट्रॅप मी लावला होता एकदा, सकाळी त्यात पालीचं पिल्लू अडकलेलं, जिवंत, डोळे उघडे. थेंब थेंब तेल सोडून, कापसाने एकेक पाय मोकळा करून ते सोडवायला वीस मिनिटं लागली. परत लावला नाही आणि लावणारही नाही.

आणि जाळी जाळायची नाहीत, कृपा करून. लायटरने किंवा पेटत्या कागदाने जळमटं जाळणारी माणसं मी स्वतः बघितलीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीलगत साचून राहते, आणि तुम्ही तिथे गाडीशेजारी आग घेऊन उभे असता. किड्यांच्या स्प्रेच्या डब्यातला गॅसही बहुतेक पेट घेणाराच असतो.

पेट्रोलवरून आठवलं, गॅरेजवाल्यांनी हे माहीत असायलाच हवं. २०११ मध्ये माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेत सुमारे ६५,००० गाड्या परत बोलावल्या होत्या कोळ्यांमुळे. पिवळ्या सॅक जातीचा कोळी पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या नळीत जाळं करत होता, नळी बंद झाली की टाकीत दाब बिघडतो आणि टाकीला तडा जाऊ शकतो. २०१४ मध्ये परत ४२,००० गाड्या. म्हणून जी गाडी महिनोन्‌महिने उभी असते तिचं बॉनेट उघडून अधूनमधून बघत जा.

चावण्याचं विचाराल तर घरात दिसणारे बहुसंख्य कोळी माणसाला काही करत नाहीत. चावतात ते दाबले गेले तर, म्हणजे हातमोज्यात, बुटात बोट घातलं आणि आत तो असला तर. म्हणून गॅरेजमधले बूट आणि हातमोजे झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, एवढी सवय लेकीलाही लावली. जगात काही भागांत ब्लॅक विडो, रेडबॅक, ब्राउन रेक्ल्यूज असे खरोखर त्रासदायक कोळी असतात आणि त्यांना अशाच न हललेल्या ढिगाऱ्यांत राहायला आवडतं, तिथे राहत असाल तर पसारा उपसताना जाड हातमोजे घाला आणि चावलं वाटलं तर सरळ डॉक्टरकडे जा.

शंभर टक्के कोळीमुक्त गॅरेज मात्र कुणीही देऊ शकत नाही, तशी गॅरंटी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बारीक पिल्लं रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर उडत येतात. १८३२ साली चार्ल्स डार्विनच्या जहाजावर किनाऱ्यापासून ६० मैलांवर असे हजारो कोळी येऊन उतरले होते, मग आपल्या शटरचं काय. माझ्याकडे आधी मोजायचं सोडून दिलं होतं एवढी जाळी असायची, आता महिन्याला तीन-चार दिसतात. दिसला एखादा मोठा तर पेला उलटा ठेवायचा, खालून जाड कार्ड सरकवायचं आणि बाहेर आडोशाला नेऊन सोडायचा.

एक मात्र मी आणि लेकीने ठरवून ठेवला. मीटरच्या वरच्या कोपऱ्यात, लांब काडीसारख्या पायांची, उलटी लटकलेली मादी. जवळ गेलं की ती अख्खं जाळं इतक्या जोरात हलवते की ती स्वतः धूसर दिसायला लागते, घाबरवण्यासाठी करते ती तसं. ही जात अंडी पिशवीत घालून टांगून ठेवत नाही, दोन-चार धाग्यांत बांधून तो मोत्यांसारखा घोस तोंडातच धरून बसते. लेकीला लांबून टॉर्चने दाखवलं. पहिल्या दिवशी दारातून बघितलं तिने, मग गाडीपाशी आली, मग स्टूल मागितलं. गेल्या रविवारी सायकल हुकवरून काढून दे म्हणाली आणि मी काढेपर्यंत स्वतःच आत येऊन वर बघत उभी राहिली. "बाबा, आली पिल्लं." केसासारखे पाय, जाळ्यातच आईभोवती टांगलेली. तिने तेवीस मोजली.