आता ओढायला हवं होतं

‘रक्तदाब वाढलाय, एखादा शांत छंद लावून घ्या,’ असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे नदी, गळ आणि सकाळचं कोवळं ऊन असणार. आमचे आण्णा आणि नाना नसणार.

आण्णा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, नाना बँकेतून. दोघंही वर्षानुवर्षं पौडच्या अलीकडे मुळेच्या काठावर गळ टाकून बसतात, पण एकमेकांपासून दहा-बारा हात लांब. हे अंतर तत्त्वाचं आहे असं दोघंही सांगतात. तत्त्व कोणतं ते सांगत नाहीत. मधला दगड मला मिळाला. इतका चांगला सपाट, सावलीतला दगड आजवर रिकामा का राहिला, याचा उलगडा पहिल्याच सकाळी झाला.

नदी दारात असताना पौडपर्यंत कशाला, असं कुणी विचारील. भिडे पुलाखाली गळ टाकला तर फार तर सतरंजी लागेल, असं नानांचं मत आहे. फ्रेझर नावाच्या साहेबानं १९४२ साली पुण्यातल्या माशांची यादी छापली होती. नाना त्या जमान्यातल्या माशांची नावं एकेक करून घेतात आणि प्रत्येकापुढे ‘गेला’ म्हणतात, श्राद्धाला पूर्वजांची नावं घ्यावीत तसे. मग पहाटे पाचला मी स्कूटर काढतो. मागे आण्णा. चांदणी चौकात जुना पूल होता तेव्हा गाडी कशी काढावी लागायची, हे ते पूल २०२२ साली पाडला तरी रोज सांगतात आणि तोंडानं गिअर बदलतात. घाटातल्या वळणावर ते पाय दाबतात. ब्रेक माझ्या बरगडीत लागतो.

विद्येचा पहिला धडा गांडुळांचा. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं गांडूळखत होतं, म्हणून मी रात्री टॉर्च घेऊन खड्ड्यापाशी गेलो. वॉचमननं ‘साहेब, काही हरवलं का?’ असं विचारलं. आता अशा वेळी सभ्य माणसानं काय सांगावं? डबाभर गांडुळं घेऊन मी अभिमानानं काठावर पोचलो, तर आण्णांनी एक उचलून हुंगलं आणि खाली ठेवलं. ‘ही खताची. दाबली की वास मारतात. मासा तोंडात घेईल आणि थुंकेल. चिखलातली आणायची असतात.’ हे आदल्या दिवशी सांगता आलं असतं. पण आदल्या दिवशी सांगणं हे या शाळेच्या नियमात बसत नाही.

नानांचा गांडुळांवर विश्वास नाही. ते कणकेचे गोळे लावतात. कणीक, भाजलेल्या चण्याचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, बडीशेप, आणि ‘अजून एक वस्तू’. ती वस्तू ते वहिनींनाही सांगत नाहीत. मी घरी प्रयोग म्हणून वेलची घातली. आई दारात उभी राहून बघत होती. ‘माशांना वेलची! तुझ्या बारशाच्या पेढ्यांत नव्हती हो,’ एवढंच म्हणाली आणि देवघरात गेली.

गाठ मारण्याबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गळाच्या नाकातून ओवून स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक मागच्या फासातून काढायचं, आणि आवळण्याआधी गाठीला थुंकी लावायची. कोरडी गाठ आवळली की घासून तापते आणि नायलॉन तिथंच कमकुवत होतं. हे कारण नानांनी दिलं. आण्णांनी दिलेलं कारण असं: ‘आमचे वडील लावायचे.’ दोन्ही कारणं मला पटली. थुंकी मात्र चष्म्यावर उडते.

नंतर मौन. मासेमारीत बोलायचं नाही, हा नियम मला एवढ्या मोठ्या आवाजात सांगण्यात आला की पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला. नानांनी मग शास्त्र उलगडलं: हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परतून जातो, त्यामुळे आपलं बोलणं माशाला फारसं कळत नाही, त्याला कळतात काठावरचे धक्के. रोहू-कटल्याच्या जातीत आणि शिंगट्याच्या जातीत तर पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीनं थेट कानाला जोडलेली असते. ‘म्हणून पाय आपटायचे नाहीत!’ असं म्हणून त्यांनी हातातली काठी दगडावर तीनदा ठणठणीत आपटली, मुद्दा ठसावा म्हणून. त्या हाडांच्या साखळीचं पाण्यात काय झालं असेल ते असो.

खरा तंटा खोलीचा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. शेततळ्यात तिघांना एकत्र सोडतात ते यासाठीच. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. नाना कटलापंथी आहेत, आण्णा मृगळपंथी. पाण्यावर तरंगायला दोरीला मोराच्या पिसाची काडी बांधलेली असते. मी जरा चहा ओतायला वळलो की नाना येऊन माझं पीस गळाकडे सरकवतात, म्हणजे गळ उथळ राहावा. मी बिस्किट काढेपर्यंत आण्णा येऊन ते काठीकडे सरकवतात, म्हणजे गळ खोल जावा. या ओढाताणीत माझा गळ बरोब्बर रोहूच्या थरात लटकतो. रोहू या दोघांनाही जेमतेम वाटतो. ‘लग्नाच्या पंक्तीतला मासा,’ असं आण्णा म्हणतात. कुठल्या लग्नाच्या, हे मी विचारलेलं नाही.

आणि मग ‘ओढ’. या माशांच्या जबड्यात दात नसतात, असतात ते घशात. खाद्य पाण्यासकट आत ओढून घ्यायचं, चाखायचं, संशय आला की बाहेर टाकायचं, असा त्यांचा रिवाज. आत गेलं आणि बाहेर आलं यांच्या मधल्या निमिषात आपण झटका द्यायचा. पीस थरथरतं. मी श्वास रोखतो. दोघंही श्वास रोखतात. पीस आडवं पडतं. शांतता. पीस पुन्हा उभं राहतं.

‘आता ओढायला हवं होतं,’ आण्णा म्हणतात.

‘आत्ता नव्हे हो, त्याच्या आधी,’ नाना म्हणतात.

एकदा मी मुद्दाम विचारलं, ‘ओढायच्या वेळीच “ओढ” का नाही म्हणत?’ दोघांनी माझ्याकडे पाहिलं. ‘बोलायचं नसतं ना,’ नाना म्हणाले.

मासा लागलाच नाही तर दोष मुळशीच्या धरणाकडे जातो. टाटांच्या त्या धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात, म्हणजे कोकणात जातं. त्याच्याबरोबर मोठे मासेही तिकडेच गेले आणि आता मुंबईच्या लोकांना लागतात, असं आण्णांचं ठाम मत आहे. मुंबईबद्दलचं मत असल्यामुळे नानांनी ते विनातक्रार मान्य केलं.

अखेर लागला एक. तळहाताएवढी चिलापी. कोणत्या क्षणी ओढलं ते विचारू नका; मी डास मारत होतो आणि काठी हातात होती. ‘चिलापी!’ नानांनी तोंड वाकडं केलं. ‘आफ्रिकेतून आलेली. आपले मासे हटवून बसलीय. हा मासा नव्हे, अतिक्रमण आहे.’ आण्णांनी चिलापी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. ‘अतिक्रमण तर अतिक्रमण. हळद, मीठ, आगळ आणि वरून रवा.’ मग ती चिलापी वरच्या थरात लागली की तळाशी, यावर जो वाद जुंपला तो चांदणी चौकापर्यंत चालला. स्कूटरवर दोघंही होते, हे पोलिसांना कळू नये.

पावसाळ्यात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या वर चढतात. त्या दिवसांत गळ टाकायचा नाही, यावर दोघं कडक आहेत. चढणीचे मासे पकडणाऱ्यांना ते रस्त्यात उभं करून ऐकवतात. त्यामुळे सध्या वर्ग कर्वे रस्त्यालगतच्या एका अमृततुल्यात भरतो. चहाच्या किटलीच्या कडीला तंगूस बांधून माझ्याकडून गाठी करून घेतात, थुंकीसकट. काल मालकानं किटली उचलली आणि पाठोपाठ नानांचा चष्मा निघाला. ‘मासे कधी खिलवताय?’ त्यानं गाठ कापत विचारलं.

‘आधी चहात आलं घाल,’ आण्णा म्हणाले.